तात्पुरता रस्ता

बाळकुमच्या पुढे खाडीच्या अंगाला आज जो डांबरी रस्ता जातो, तो तात्पुरता आहे. ही गोष्ट मला आणि आणखी मोजक्या माणसांना माहीत आहे, आणि त्यांतलीही काही आता राहिली नाहीत. रस्त्याला पाटी आहे, गतिरोधक आहेत, शेवटाला मोठं गृहसंकुल आहे आणि संकुलाच्या फाटकापाशी एक उंच, सरळसोट अशोकाचं झाड आहे. कधी त्या बाजूला काम निघालं तर मी रिक्षा झाडापाशी थांबवतो. एका रिक्षावाल्याने विचारलं, "काका, इथे मंदिर आहे काय?" नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग काय बघताय?" याचं थोडक्यात उत्तर देता येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीतून ठाण्याच्या या टोकाला राहायला आलो. कॉलेजात ग्रंथपाल होतो. नव्या वसाहतीत घर घेताना बिल्डरने "मागे कायम मोकळं राहणार" असं सांगितलं होतं. मागे खाजण होतं. खाडीचं पाणी दिवसातून दोन वेळा येऊन जातं अशी ती चिखलाची सखल जमीन, तिच्यावर तिवरांचं रान. खाडीतून पाण्याचा एक चिंचोळा फाटा आत शिरलेला होता, जेमतेम एक होडी जाईल एवढा. सगळं खाजण त्या एका फाट्यावर श्वास घ्यायचं. फाट्याच्या तोंडाशी ताडाच्या खोडांचा साकव होता. त्यावरून पलीकडे जाताना पहिल्या वेळी बायकोने माझा हात धरला, दुसऱ्या वेळी मी तिचा.

जमीन सरकारी होती, म्हणजे ज्याला जे टाकायचं असेल त्याने ते टाकावं अशी होती. डंपर येऊन पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ओतून जायचे. भरतीबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या यायच्या आणि ओहोटीला तिवरांच्या कोवळ्या शेंड्यांना गुंडाळून राहायच्या. त्या वर्षांत प्लास्टिकची पिशवी ही नवी श्रीमंती होती. लोक ती धुऊन वाळत घालायचे आणि मग कधीतरी खाडीला द्यायचे.

आमच्या वसाहतीत एक निवृत्त गृहस्थ होते. कल्याणकडच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि निवृत्तीनंतर अध्यक्ष व्हायला काहीतरी शोधत होते. त्यांनी खाजण वाचवायचं ठरवलं. आधी लेटरहेड छापलं, मग समिती नेमली. मी हे कुत्सितपणे लिहितो आहे असं वाटेल, पण एवढं कबूल केलं पाहिजे की पहिल्या रविवारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरणारे तेच होते. आम्ही बाकीचे काठावर उभे राहून पायातल्या चपलांचं काय करावं याचा विचार करत होतो.

नुसती वसाहत चिखलाला पुरत नाही हे लवकरच कळलं. कोळीवाड्याशिवाय एक पाऊल टाकता येईना. कुठे चिखल मांडीपर्यंत घेईल आणि कुठे घोट्यापर्यंत, हे तिथे वावरणाऱ्यांना ठाऊक. कोळीवाड्यातून पहिल्यांदा आल्या त्या मावशी. मासळीची टोपली घेऊन त्या आमच्या दारात यायच्या, म्हणून मावशी. नवरा गेल्यावर दिराने होडी विकायला काढली तेव्हा त्यांनी वल्हं स्वतःच्या हातात घेतलं होतं. भरतीबरोबर होडी फाट्याने आत न्यायची, चिंबोऱ्या, कोळंबी, निवट्या जे मिळेल ते धरायचं, ओहोटीबरोबर बाहेर यायचं आणि टोपली घेऊन वसाहतीत, असा त्यांचा दिवस. तिवरं गेली तर चिंबोऱ्या जाणार, म्हणजे आमचा रविवारचा छंद हा त्यांचा बाकीचा सगळा आठवडा होता. मला त्या मास्तर म्हणायच्या. ग्रंथपाल म्हणजे काय हे मी एकदा समजावलं, तर म्हणाल्या, "म्हनजे शिकवत पन नाय?" त्यानंतर मी मास्तरच राहिलो.

तिसरी बाजू चर्चची. पलीकडच्या पाड्यात ख्रिस्ती कुटुंबं होती. भातशेती आणि मासेमारी दोन्ही करणारी, गावात आमच्या कितीतरी पिढ्या आधीची. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ, सगळ्यांचे अंकल, सुतारकाम करायचे आणि होड्याही दुरुस्त करायचे. त्यांनी चर्चचा हॉल मिळवून दिला, चहाची किटली दिली आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आटोपली की पोरांना थेट चिखलात आणलं. "आत्मा धुतला, आता पाय मळवा," असं म्हणायचे. डोंगर चढणाऱ्या मुलामुलींचा एक गटही डोंबिवलीहून यायचा. अध्यक्ष या सगळ्याला 'लोकसहभाग' म्हणत. सरकारचा सहभाग असा, की इथे येऊ नका असं आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

तीन-चार वर्षं हे चाललं. पिशव्या काढायच्या, पावसाळ्यात गळालेल्या कांदळाच्या, म्हणजे तिवरांच्याच एका जातीच्या, लांब शेंगा गोळा करून चिखलात टोचायच्या, डंपर आला की त्याच्यासमोर उभं राहायचं. हे शेवटचं काम बायका उत्तम करायच्या. एकदा मावशी डंपरपुढे टोपली ठेवून तिच्याशेजारी बसल्या आणि ड्रायव्हरला बांगडे घेणार काय म्हणून विचारत राहिल्या. तो हताश होऊन मागे वळला. टोचलेल्या शेंगांना पानं फुटली, गुडघाभर झाडं झाली, बगळे आले. मी संशयी माणूस आहे. वाचनाने माझा हा स्वभाव बरा होण्याऐवजी वाढलाच. पण त्या काळात सकाळी मागची खिडकी उघडताना मला बरं वाटायचं. त्याचं कारण पुस्तकात शोधावं लागत नव्हतं.

मग समारंभ करायचं ठरलं.

कल्पना अध्यक्षांची होती, पण ती सगळ्यांनी उचलून धरली. मुंबईहून एक फार मोठे साहेब आणायचे. ते एकदा येऊन गेले की ही जागा राखीव होईल, डंपर कायमचे थांबतील. कोळीवाड्याला साहेबांपुढे धक्क्याची मागणी मांडायची होती, पाड्याला दफनभूमीच्या भिंतीची. आपल्याकडे देवाला नवस बोलतात तसे साहेबांना बोलावतात, आणि प्रसाद आधीच वाटतात. हॉलमध्ये बैठकांवर बैठका झाल्या. शाल कुठल्या रंगाची, श्रीफळ सोललेलं की शेंडीचं, पाहुण्यांना पहिला हार कोणत्या समाजाने घालायचा. खाजणाबद्दल त्या बैठकांत मला काही ऐकल्याचं आठवत नाही.

दोन अडचणी उरल्या. एक म्हणजे कांदळाची शेंग. साहेबांच्या हस्ते वृक्षारोपण, आणि हातात काय तर शेवग्यासारखी एक शेंग. ती चिखलात खुपसताना फोटो कसा दिसेल? म्हणून नर्सरीतून अशोकाचं रोप आणायचं ठरलं. खाऱ्या चिखलात ते जगणार नाही असं मी म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, "सर, फोटोपुरतं जगलं तरी चालेल."

दुसरी अडचण साकवाची. साहेबांच्या कचेरीतून एक जण जागा बघायला आला. त्याने एकच प्रश्न विचारला, "गाडी कुठपर्यंत येते?" गाडी फाट्यापर्यंत यायची. मंडप फाट्यापलीकडे घालायचा होता. तो साकवाकडे बघत राहिला, मग आमच्याकडे, आणि काही न बोलता निघून गेला. त्या न बोलण्याने हॉलमधली सगळी माणसं शरमली. घरी पाहुणा यावा आणि उंबऱ्यात शेण पडलेलं असावं तशी.

"सायबाला काय ताडावरनं चालवनार?" कोळीवाड्याचे एक पुढारी म्हणाले. "लाज काढाल गावाची."

अंकल म्हणाले, "बिशप आले तेव्हा आम्ही खांद्यावर घेतलेले त्यांना."

"बिशप बारीक असतील," अध्यक्ष म्हणाले.

तेव्हा असं ठरलं, की फाट्याच्या तोंडात भराव टाकून समारंभापुरता रस्ता करायचा आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकायचा. भराव कोण टाकणार? ज्या डंपरसमोर आम्ही उभे राहायचो, त्याच्याच मालकाला अध्यक्षांनी विनंती केली. मालक लगेच हो म्हणाला. इतक्या आनंदाने हो म्हणाला, की कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण आम्ही सगळे त्या दिवसांत पाहुण्याच्या घाईत होतो, आणि पाहुण्याच्या घाईत घरातल्यांना काही दिसत नाही.

आदल्या दिवशी मावशींची होडी आत आणली. तिला पताका, झेंडूच्या माळा, पुढच्या निमुळत्या नाकाडाला नारळ. मंडपासमोर पाण्यावर सजलेली होडी डोलते आहे आणि साहेब तिच्याकडे बघताहेत, असा तो देखावा होता. संध्याकाळी होडीमागे डंपर आले आणि फाट्याचं तोंड बंद केलं. राडारोडा, वर मुरूम, वर रोलर. मावशी काठावर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "ह्यो भराव उद्या कारतील ना?" काढतीलचं त्या कारतील करायच्या, होडीची होरी. अध्यक्ष म्हणाले, "परवा सकाळी. माझा शब्द." तो शब्द त्यांनी खरंच मनापासून दिला होता.

साहेब आले. गाडी मंडपाच्या पायरीला लागली. त्यांनी रस्त्याच्या टोकाला अशोक लावला, होडीकडे हात हलवला आणि भाषण केलं. भाषण वाईट नव्हतं. निसर्ग आणि विकास हातात हात घालून जाऊ शकतात, असं ते म्हणाले, आणि उदाहरण म्हणून त्यांनी आमच्या रस्त्याकडे बोट केलं. "कालपर्यंत इथे चिखल होता असं मला सांगितलं. आज तुम्ही लोकसहभागातून रस्ता केलात. याला म्हणतात जागरूक समाज." टाळ्या पडल्या. माझ्याही. धक्का, दफनभूमी आणि खाजण यांची निवेदनं त्यांच्या स्वीय सहायकाने हातात घेतली आणि हारांबरोबर गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली.

परवा सकाळी डंपर आला नाही. मालक म्हणाला, गाड्या कामावर आहेत, आठवड्यात बघू. आठवड्याने म्हणाला, भाऊ, साहेबांनी स्टेजवरून ज्याचं नाव काढलं तो रस्ता मी कसा उखडू, मला धंदा करायचा आहे की नाही. आणि त्याच रस्त्यावरून त्याचे डंपर खाजणात आतपर्यंत जायला लागले. पूर्वी फाटा आडवा यायचा. आता नव्हता.

त्यानंतरचे महिने माझ्या आठवणीत एका रंगाचे आहेत, आणि तो रंग पिवळा. पाणी आत येईना. चिखलाला आधी साय धरली, मग भेगा पडल्या, भेगांच्या कडांना मिठाची पांढरी रेघ उमटली. आमच्या कांदळांची पानं पिवळी होऊन खालपासून गळायला लागली. फाट्यात शिल्लक होतं ते पाणी डबक्यांत आटत गेलं आणि होडी एका बाजूला कलून चिखलावर बसली. पताकांचे रंग उडाले. तिच्या नाकाडाला बांधलेला नारळ बरेच दिवस तसाच होता.

मावशी दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने जायला लागल्या. टोपलीत अर्धी मासळी बाजारातून विकत आणलेली असायची. आमच्या दारात बसून त्या ते स्वतःच सांगायच्या, "ही घेऊ नका मास्तर, ही बर्फातली हाय." मासळी विकणारीने असं सांगू नये हे मलाही कळत होतं.

होडी अडकल्याच्या तक्रारीवर मावशींचा अंगठा घेऊन अध्यक्ष आणि मी ठाण्यातल्या कचेऱ्या पालथ्या घातल्या. एका कचेरीने सांगितलं, जमीन त्यांच्याकडे नाही. दुसरीने सांगितलं, जमीन आहे पण झाडं नाहीत. तिसरीने सांगितलं, झाडं आहेत पण रस्ता नाही. शेवटी एक भला अधिकारी भेटला. त्याने चहा मागवला, आमचं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "रस्ता कोणी केला?"

"आम्ही," अध्यक्ष म्हणाले.

"कोणाच्या परवानगीने?"

"तात्पुरता होता."

"म्हणजे आमच्या दप्तरी तो रस्ता नाहीच."

"मग आम्ही काढून टाकतो," मी म्हणालो.

"नको नको. लोक त्यावरून जातात ना? मग तो सार्वजनिक आहे. त्याला हात लावलात तर नुकसानीचा गुन्हा होईल." तो खरोखर वाईट वाटून बोलत होता. "असं बघा सर, जो रस्ता नाहीच आहे, तो काढायचा आदेश मी कसा देऊ?"

मी आयुष्यभर तर्कशास्त्राची पुस्तकं लोकांना काढून दिली. इतका निर्दोष युक्तिवाद मला त्यांत सापडला नव्हता. बाहेर पडल्यावर अध्यक्ष जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. उन्हाळ्याची सुरुवात होती. "सर," ते म्हणाले, "मी त्या बाईला शब्द दिला होता." त्या माणसाची मी मनात इतकी वर्षं थट्टा केली होती, आणि आता थट्टेला धरायला काही उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बादल्यांचं सुरू झालं. कोणी सुचवलं आठवत नाही. हताश माणसांना एकाच वेळी सगळ्यांना सुचतात तशांतली ती कल्पना होती. भरतीला रस्त्याच्या त्या बाजूला पाणी चढलं की बादल्या भरायच्या, रस्ता ओलांडून या बाजूला झाडांच्या मुळांशी ओतायच्या. रांग करायची. कोळणी, वसाहतीतल्या बायका, पाड्यातली पोरं, डोंबिवलीची मुलं. समुद्र एका बाजूला चढून उभा आहे आणि आम्ही तो बादलीने दुसऱ्या बाजूला नेतो आहोत. मधून डंपर गेला की रांग तुटायची, त्याला वाट द्यायची, पुन्हा जोडायची. ड्रायव्हर आम्हाला हात करायचा. पूर्वी याच माणसाला आम्ही अडवलं होतं. आता रस्ता सार्वजनिक होता.

"किती पाणी गेलं असेल?" बायकोने एकदा विचारलं.

"आपल्या न्हाणीघराला पुरेल."

"मग उद्यापण यायचं?"

"हो."

तिने बादली दुसऱ्या हातात घेतली. ओतलेलं पाणी भेगांत शिरायचं आणि दिसेनासं व्हायचं. सकाळी मीठ आणखी पांढरं झालेलं असायचं. पण रांगेत उभं राहिल्यावर काही काळ तरी माणसाला कचेऱ्या आठवत नसत, म्हणून आम्ही येत राहिलो. मग परीक्षा आल्या, मुलं कमी झाली. शिमगा आला, कोळीवाडा सणात गेला. चाळीस दिवसांचे उपवास संपत आले, पाडा चर्चमध्ये गेला. वसाहतीतले लोक गावी गेले. तिन्ही समाजांचे सण एका वेळी येत नाहीत हे लोकसहभागाचं दुखणं अध्यक्षांच्या लेटरहेडवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

राहिलेल्यांनी एका सकाळी सरळ कुदळी घेतल्या. पुनवेची भरती मोठी असते. वीतभर जरी खणता आलं तरी पाणी स्वतःची वाट स्वतः मोठी करेल, अशी आशा. अंकलनी पहार आणली होती. मुरमाखाली काँक्रीटचे तुकडे, त्यांतून निघालेल्या सळया, कोणाच्या तरी मोरीच्या फरश्या. पहार आपटली की हात खांद्यापर्यंत झिणझिणायचा. दोन हात लांब आणि ढोपरभर खोल असा खड्डा झाला असेल, तेवढ्यात मोटरसायकलवरून हवालदार आला. स्टँड लावून जरा वेळ बघत राहिला.

"काय चाललंय?"

"रस्ता काढतोय," अंकल म्हणाले.

"रस्ता खणायला परमिशन लागते, अंकल."

"टाकायला लागते काय?"

हवालदाराने प्रामाणिकपणे विचार केला. "टाकायला कोण मागत नाय."

त्याने कोणाला अटक केली नाही. खड्डा बुजवून घ्या, एवढंच म्हणाला, एखादी गाडी अडकली तर माझ्यावर येईल. आम्ही बुजवला नाही. दुसऱ्या दिवशी तो बुजलेला होता, आणि आठवड्याने त्या भागावर डांबर पडलं. आमच्या खणण्याने रस्ता पहिल्यांदा दप्तरात आला. दुरुस्ती म्हणून.

आता राहिली फक्त होडी. भल्या अधिकाऱ्याने मला बोलावून घेतलं. त्याने मार्ग काढला होता. "तुमची मूळ तक्रार होडी अडकल्याची आहे. मी क्रेन पाठवतो. होडी उचलून पलीकडे ठेवू. तक्रार मिटली." त्याला खरंच मदत करायची होती. मी म्हणालो, तक्रार खाजणाची आहे. तो म्हणाला, "खाजणाने सही केलेली नाही, सर. बाईंनी अंगठा दिला आहे."

मी हे मावशींना सांगायला कोळीवाड्यात गेलो. त्या ओट्यावर जाळं सोडवत बसल्या होत्या. अंकलही तिथेच होते. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नको."

"मावशी, होडी मोकळी होईल. तुमचा धंदा सुरू होईल."

"आनि मंग?" त्यांनी जाळं मांडीवर ठेवलं. "होरी आत हाय म्हनून ते तुमाला दारात उभं करतान. होरी बाहेर आली का मंग कोन ईचारनार तुमाला? झारांसाठी कोन क्रेन धाडतो?"

अंकल म्हणाले, "बाय, उन्हात फळ्या उलतायत. मी बघून आलो. सांध्यांतनं बोट जातंय. पाऊस पडायच्या आधी पाण्यात नाय गेली तर सरपण होईल."

"होऊ दे."

"होऊ दे काय? नवऱ्याची होडी ती."

"त्याचीच हाय. तोच बसलाय आत, रस्ता अरवून." त्या हसल्या, पण जाळ्याची गाठ त्यांना सुटेना. "मी लोकांच्या होरीवर जातंय. पोट भरतंय. थांबू दे तिला."

तेव्हा मला कळलं, की आमच्या सगळ्या चळवळीत अडून बसणारी अशी एकच वस्तू उरली होती, आणि ती या बाईने स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन तिथे ठेवली होती. मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आपण काय ठेवलंय आत?"

वैशाख संपत आला. खाजणाकडची खिडकी आम्ही उघडणं बंद केलं होतं, कारण आता तिकडून धूळ यायची. गुडघाभर कांदळांच्या काड्या उभ्या होत्या, पान एकालाही नव्हतं. चिखल इतका घट्ट झाला की पोरं त्यावर क्रिकेट खेळायला लागली आणि दोन कांदळांच्या काड्या त्यांनी स्टंप म्हणून वापरल्या. त्यांना रागवायला मी खाली उतरलो आणि अर्ध्या जिन्यातून परत आलो. अशोकाला मात्र नवी पालवी आली होती. खारं पाणी बंद झालं होतं, आणि त्याचं मूळ राडारोड्यातल्या कोणत्यातरी घराच्या मातीत गेलं होतं. फोटोपुरतं जगायला लावलेलं ते एकच झाड जगलं.

एका सकाळी मावशी दारात आल्या. टोपली नव्हती. पायरीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"कारा होरी," म्हणाल्या.

"मावशी…"

"आता आत काय हाय मास्तर? कोनासाठी अरवायची?" मग पदर खोचून, "मजुरीवर घेनारा म्हनतो, पावसानंतर बघू. मना होरी पायजे."

क्रेन आम्ही नको म्हणालो. कोळीवाड्यातून माणसं आली, पाड्यातून आली, वसाहतीतून अध्यक्ष आले, पँट दुमडून. बरेच जण समारंभानंतर पहिल्यांदाच दिसत होते. होडीखाली बांबू टाकले, दोर बांधला, आणि एक जण आवाज द्यायचा, बाकीचे त्या आवाजावर ओढायचे. सुकलेल्या चिखलावरून होडी सरकताना लाकडाचा रडका आवाज यायचा. मोडलेल्या काड्यांवरून ती रस्त्याला लागली. डांबरावर बांबू छान फिरले. आमच्या भागीदारीने इतकं एकदिलाने आणि इतकं यशस्वी काम त्याआधी केलं नव्हतं. खाजणात जिवंत माणसाची म्हणावी अशी जी एक वस्तू उरली होती, ती आम्ही सगळ्यांनी मिळून बाहेर काढली. एक डंपर आला आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरून दोराला लागला. शेजारच्याने सरकून त्याला जागा दिली.

पलीकडे भरती चढत होती. होडी पाण्यात गेली आणि सगळ्या सांध्यांतून एकदम पाणी आत यायला लागलं. अध्यक्ष घाबरून म्हणाले, "बुडतेय, अहो, बुडतेय ती." अंकल म्हणाले, "बुडू दे थोडी. पाणी प्यायल्याशिवाय लाकूड फुगत नाय. फुगलं की मिटतात फटी. तोवर उपसत राहायचं."

"किती वेळ?" मी विचारलं.

"लाकडाला विचारा."

मावशी साडी खोचून आत चढल्या आणि डब्याने पाणी उपसायला लागल्या. डबा लहान होता. पाणी त्यांच्या पिंढऱ्यांपर्यंत चढलं. अध्यक्ष काठावर उभे होते, शब्द देतानाच्याच जागी. लोक हळूहळू पांगले. उन्हं वाढली होती आणि करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कचेरीत दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं, होडी निघाली म्हणून. म्हणजे तक्रार मिटली, असं तिथे लिहिलं जाणार होतं, आणि ते खोटं ठरवायला माझ्यापाशी काही नव्हतं.

मी निघायला वळलो. माझ्या हातात बादली होती. त्या दिवसांत सवयीने मी ती घेऊनच खाली उतरायचो.

"मास्तर," मावशींनी हाक मारली. "ती बादली घेऊन या. तिकरं येवरं पानी वतलाव, आता हितलं कारा."

मी चपला काठावर ठेवल्या आणि होडीत चढलो.